या चुका टाळा : स्त्री-योद्ध्याचे चिलखत रंगवताना

धुळ्याला देवपुरात मी शनिवार-रविवारी चित्रकलेचा वर्ग घेते. तिथे येणाऱ्या मुलामुलींपैकी निम्म्यांना तरी आता निसर्गचित्र काढायचे नसते. त्यांना उडते सर्प, किल्ले आणि योद्धे काढायचे असतात. टॅब्लेटवर काढलेल्या या चित्रांत एक गोष्ट इतक्या वेळा दिसते की ती शिकवलेलीच असावी असे वाटते. पुरुष योद्धा नखशिखान्त लोखंडात असतो आणि त्याच फौजेतली स्त्री मात्र छातीवर धातूच्या दोन वाट्या, कमरेला एक साखळी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट एवढ्यावर लढाईला निघालेली असते. हे पाहून कोणी संस्कृती बुडाली म्हणतो, तर कोणी म्हणतो की कल्पनेतले जग आहे, आवड ज्याची त्याची. या दोन्ही उत्तरांनी चित्र सुधारत नाही. माझे मत असे आहे की अंग किती झाकले यावरून चित्र चुकत नाही. चित्राने स्वतःच जे सांगितले ते त्याने पाळले नाही, तर ते चुकते.

हे मी नुकसान सोसून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने मला किल्ल्याच्या वेढ्यावरच्या काल्पनिक कादंबरीचे मुखपृष्ठ सांगितले. ‘नायिका आकर्षक दिसली पाहिजे’ एवढीच सूचना होती आणि संहिता वाचायला मागण्याचे मला सुचले नाही. मी तिला झगमगते चिलखत दिले, पण ते बरगड्यांपाशी संपवले आणि पोट उघडे ठेवले. पुस्तक छापून आले तेव्हा लेखिकेचा फोन आला. कथेच्या मध्यावर नायिकेच्या पोटावर बाण येतो, चिलखतावर आपटून मोडतो आणि त्या क्षणी ती दरवाजा उघडायला धावते. सारी कथा त्या एका बाणावर उभी होती. माझ्या चित्रातली बाई त्या बाणाने मेली असती. लेखिकेने आवाज चढवला नाही, पण तिचे बोलणे मी विसरलेले नाही. तेव्हापासून काम घेताना किमतीच्याही आधी मी विचारते की हे चिलखत लढाईचे आहे, मिरवणुकीचे आहे की नुसता दागिना आहे. हा प्रश्न न विचारणे ही पहिली चूक, आणि पुढच्या बऱ्याचशा चुका तिच्यातूनच निघतात.

छातीवरच्या दोन वाट्या

ही चूक मी जरा सविस्तर सांगते, कारण ती संपूर्ण अंग झाकलेल्या चित्रांतही सापडते. स्त्रीचे चिलखत आहे हे कळावे म्हणून चित्रकार छातीच्या पत्र्याला दोन वेगळे उभार देतो आणि त्यांच्यामध्ये खोल घळ सोडतो. वर्गात मी याचा एक प्रयोग करून दाखवते. बांधकामावरचे घमेले पालथे घालायचे, शेजारी फळीवर दोन वाट्या जवळजवळ पालथ्या चिकटवायच्या आणि मुलांच्या हाती बांबूची काठी द्यायची. घमेल्यावर काठी कुठूनही मारली तरी घसरून बाहेर जाते. वाट्यांवर मारली की ती आतल्या बाजूला घसरते आणि दोन्ही वाट्यांच्या मधल्या फटीत येऊन थांबते. ती फट माणसाच्या अंगावर नेमकी छातीच्या मधल्या हाडावर येते, आणि त्याच्या मागे काळीज आहे. चिलखताच्या पत्र्याला फुगवटा देतात तो वार बाजूला सारण्यासाठी. युरोपातल्या कारागिरांनी तर छातीच्या पत्र्याला मधोमध पुढे आलेली धारदार कड दिली, म्हणजे आपली मुले जिथे घळ काढतात तिथे त्यांनी डोंगर उभा केला.

मग स्त्रीच्या शरीराला जागा कुठे मिळणार, असे मुले विचारतात. ती आधीच असते. लढाईचा पत्रा शरीराला चिकटून बसत नाही. तो पुढे फुगलेला असतो, त्याच्या आत जाड वस्त्र असते आणि पुरुषांची चिलखतेसुद्धा छातीशी चांगली गोलाकार असतात. एकच मोठा फुगवटा काढा, तो कमरेशी निमुळता करा आणि खाली नितंबांवर पसरवा. पंधराव्या शतकातल्या जर्मन धाटणीच्या चिलखतांचा आकार असाच आहे आणि तो स्त्रीला पुरुषाइतकाच शोभतो. स्त्री ओळखू यावी असे वाटत असेल तर चेहरा, हात, उभे राहण्याची ढब आणि अंगाचे प्रमाण यांतून ते दाखवावे. ते अवघड आहे, आणि वाट्या काढणे सोपे आहे, म्हणूनच वाट्या निघतात.

लोखंडाच्या खाली कापूस असतो

उघड्या कातडीवर थेट लोखंड चढवणे ही खानदेशातल्या चित्रकाराकडून तर मुळीच होऊ नये अशी चूक आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या टाकीला हात लावला तर चटका बसतो. तोच पत्रा उघड्या खांद्यावर बांधून कोणी दिवसभर घोड्यावर बसेल का? ऊन बाजूला ठेवले तरी नुसता पत्रा वाराचा दणका तसाच आत पोचवतो. म्हणून बहुतेक ठिकाणी चिलखताखाली कापूस किंवा कापडाचे थर भरलेला जाड सदरा असे, आणि हिंदुस्थानात तर असा सदरा स्वतःच चिलखत म्हणून वापरला जाई. ‘चिलता हजार माशा’ या नावाचा अंगरखा कापडाचे थर एकत्र टाचून त्यावर पितळेचे असंख्य खिळे बसवून तयार करत. ज्या मुलुखाच्या काळ्या मातीत कापूस पिकतो तिथल्या मुलांना मी सांगते की घरातली जुनी गोधडी घ्या, खांद्यावरून पांघरून कमरेला दोरीने बांधा आणि आरशासमोर हात वर करा. वळ्या कुठे पडतात, काखेत काय गोळा होते, मान किती आखूड दिसते, हे सगळे पंधरा मिनिटांत कळते. नेटवरच्या शंभर रेफरन्समधून ते कळत नाही.

वजनाचेही तसेच आहे. लोखंडी कडी एकमेकांत गुंफून केलेल्या चिलखताचे वजन सुमारे १० किलो भरते आणि पूर्ण पत्र्याचे युरोपीय चिलखत २० ते २५ किलोंपर्यंत जाते. एका हिवाळ्यात आम्ही लळिंगचा किल्ला चढलो तेव्हा एका मुलाने पाच-पाच किलो ज्वारीच्या दोन पिशव्या दोन्ही खांद्यांवरून पुढे-मागे सोडल्या होत्या. अर्ध्या वाटेवर त्याचे खांदे उतरले. मग त्याच पिशव्या पोटाशी आवळून पंचा कमरेला घट्ट बांधला, तेव्हा भार कमरेवर आला आणि तो वरपर्यंत चालला. कड्यांच्या सदऱ्यावर कंबरपट्टा का असतो आणि पट्ट्याच्या वर थोडा झोळ का पडतो, हे त्या दिवसानंतर त्याला पुन्हा सांगावे लागले नाही. तुमच्या चित्रात कडी अंगाला पोहण्याच्या पोशाखासारखी चिकटलेली असतील, तर ती कडी नाहीत, कापडावर काढलेली नक्षी आहे. ती खाली ओढली गेलेली, लोंबलेली दिसली पाहिजेत.

कोणता भाग झाकायचा राहिला हे तपासण्याची माझी पद्धत थोडी वेगळी आहे. नवरात्रात घरोघरी म्हटले जाणारे देवीकवच शिखेपासून सुरू होते आणि कपाळ, भुवया, डोळे, कान, कंठ, खांदे, बाहू, हृदय, पोट, नाभी, कंबर, गुडघे, घोटे असे करत पायांच्या बोटांपर्यंत येते. एकेक अवयवाचे नाव घेऊन त्याचे रक्षण मागितले आहे, आणि त्या ओळीत स्तन हा अनेक अवयवांपैकी एक अवयव म्हणून येतो, ना लपवलेला ना मिरवलेला. त्याच क्रमाने चित्रावरून बोट फिरवा. जिथे बोट उघड्या अंगावर येईल तिथे ते उघडे का आहे याचे उत्तर स्वतःला द्या.

इतिहासाचे नाव चुकीच्या कामाला वापरू नका

दोन्ही बाजूंचे लोक इथे चुकतात. एक बाजू म्हणते की स्त्रिया लढतच नव्हत्या, म्हणून कसेही रंगवले तरी चालते. ते खरे नाही. फ्रान्सच्या फौजेबरोबर लढलेल्या जोन ऑफ आर्कसाठी १४२९ मध्ये तिथल्या तूर शहरात अंगाबरहुकूम चिलखत घडवले गेले आणि त्याचे शंभर लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) दिल्याची नोंद आहे. आपल्या जवळचे उदाहरण चांदबिबीचे. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने अहमदनगरच्या तटाला खिंडार पाडले तेव्हा ती अंगावर चिलखत, चेहऱ्यावर बुरखा आणि हातात नंगी तलवार अशी त्या खिंडारापाशी आली, असे वर्णन फेरिश्ता या त्या काळच्या इतिहासकाराने केले आहे. मला ते वर्णन चित्रकार म्हणून फार मोलाचे वाटते, कारण बुरखा आणि चिलखत एकाच अंगावर कसे बसवायचे हा प्रश्न कोणत्याही उघड्या पोटापेक्षा जास्त रंजक आहे.

दुसरी बाजू म्हणते की खरे चिलखत नेहमी उपयोगापुरतेच असे आणि शरीराचे प्रदर्शन हा आजचा विकार आहे. तेही खरे नाही. ग्रीक आणि रोमन सेनानी पोटाचे स्नायू कोरलेली उरस्त्राणे घालत. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे १५४० चे चिलखत लंडनच्या टॉवरमध्ये आहे आणि त्यावर पुरुषत्वाचे जे ठळक लोखंडी प्रदर्शन केले आहे ते पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. फरक एवढाच की त्या दिखाव्यासाठी संरक्षण काढून घेतलेले नव्हते. याउलट रेड सोंजा ही कॉमिकमधली योद्धा १९७३ मध्ये आली तेव्हा तिच्या अंगावर कड्यांचा सदरा होता. धातूच्या चकत्यांची बिकिनी तिला त्यानंतर एस्तेबान मारोतो या चित्रकाराने दिली आणि पुढे तीच तिची ओळख होऊन बसली. म्हणजे ‘हा प्रकार असाच असतो’ असे म्हणण्यात अर्थ नाही. कोणीतरी ते ठरवले होते, आणि तुम्हीही ठरवू शकता.

उघडे अंग रंगवणे आपल्याला परके नाही, हेही इथेच सांगते. अजिंठा आमच्यापासून फार दूर नाही आणि तिथल्या भिंतींवरच्या राण्या-दासींच्या अंगावर वस्त्र नावापुरतेच आहे. त्या चित्रांत काही खटकत नाही, कारण त्या रणांगणात उभ्या असल्याचा दावा चित्राने केलेलाच नाही.

दुरुस्ती करताना होणाऱ्या चुका

टीका ऐकून मुले दुसऱ्या टोकाला जातात आणि स्त्रीला लोखंडाच्या पिंपात घालतात. खांद्यांवर टोपल्यांएवढे पत्रे येतात, त्यामुळे हात डोक्यावर जाऊ शकत नाही. काखेला आणि कोपराच्या आतल्या बाजूला सांधाच नसतो. अशा वेळी मी एकच विचारते, हे तिने अंगात घातले कसे? बिजागरी कुठे आहे, पट्टा कोणत्या बाजूला आवळतो? मोगली धाटणीच्या चारआईन्यात छाती, पाठ आणि दोन बगला अशा चार पाट्या पट्ट्यांनी जोडतात, आणि बगलेच्या पाट्या हाताला जागा मिळावी म्हणून वरून अर्धगोल कापलेल्या असतात. तेवढा एक काप काढला तरी चित्र वापरातले वाटू लागते. केस मोकळे सोडू नका, कड्यांत अडकतात, अंबाडा घाला. चेहरा दिसावा म्हणून जिरेटोप गाळण्याऐवजी तो तिच्या काखेत द्या.

राहिला आवडीचा प्रश्न. आपल्याला उघडे अंग रंगवायला आवडत असेल तर ‘मला आवडते’ एवढे उत्तर पुरेसे आहे आणि ते प्रामाणिक आहे. चूक होते ती त्या आवडीला नंतरून कारणे चिकटवण्यात, म्हणजे तिच्या त्वचेत जादू आहे, उघडे राहिल्याने ती चपळ होते, असे सांगण्यात. जादू असेल तर तिच्या शेजारच्या पुरुषालाही तीच जादू आणि तेवढेच कपडे द्या. चपळाई हवी असेल तर पत्रेच काढून टाका. सातपुड्यातला भिल्ल तिरकामठा घेऊन लोखंडाशिवायच लढला. आणि पाहणाऱ्यांनीही, चित्र आवडले नाही म्हणून ते काढणाऱ्या मुलीच्या वळणाबद्दल बोलू नये. अशा बोलण्याने वर्ग सोडून गेलेली एक मुलगी मी पाहिली आहे.

सध्या वर्गात असलेल्या एका विद्यार्थिनीच्या चित्रातही छातीवर पत्रा आणि पोट उघडे असे होते. तिच्या आजीने ते पाहून अहिराणीत विचारले, ‘‘पोट उघडं ठेईसन लढाले कोन जास वं माय?’’ मुलगी चिडली आणि चित्र माझ्याकडे घेऊन आली. मी तिला पोट झाकायला सांगितले नाही; ही बाई चित्रात काय करते आहे, एवढेच विचारले. ती किल्ल्याच्या तटावर पहारा करते, असे तिने सांगितले. पुढच्या रविवारी तिने दोन चित्रे आणली. एकात तटावरची पहारेकरीण गुडघ्यापर्यंतच्या टाचलेल्या सुती अंगरख्यात होती, वर चारआईना आणि कमरेला पट्टा. दुसऱ्यात तीच बाई तापीच्या पात्रात, कासोटा खोचून, पोट आणि दंड उघडे टाकून घोडा धूत होती आणि काठावरच्या खडकावर तिचा अंगरखा वाळत होता. पहिल्या चित्रातली काखेची शिवण अजून चुकलेली आहे. ती आम्ही या रविवारी बघणार आहोत.