बेटावरचा धक्का : वास्तुकलेच्या थीसिसचा एक अनुभव

बडोद्यात वास्तुकला शिकणाऱ्या मुलांची पाण्याशी ओळख सूरसागराच्या कठड्यावरून होते आणि तिथले पाणी डोळ्यांना कायम एकाच पातळीवर दिसते. त्यामुळे पाचव्या वर्षी २०१८च्या पावसाळ्यात मी ‘बेटावरचे फेरी प्रवासी टर्मिनल’ हा थीसिसचा विषय घेतला, तेव्हा माझ्या पहिल्या सगळ्या सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या चित्रांत, समुद्र म्हणजे पट्टीने ओढलेली एक निळी रेघ होती. या विषयाकडे वळणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून ती रेघ कशी चुकली, हे मी इथे सविस्तर लिहीत आहे.

थीसिस मी शेवटी घारापुरी बेटावर केला, पण माझी पहिली निवड बेट द्वारकेची होती. ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचाच मुलूख, ओखा बंदर १९२६ साली संस्थानानेच सुरू केलेले, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीच्या द्वारकायात्रेच्या गोष्टीत ओख्याहून बेटावर नेणारी होडी हटकून यायची, त्यामुळे विषय मनाला जवळचा वाटला होता. थीसिसच्या मार्गदर्शक सरांनी मात्र एवढेच विचारले, की ऑक्टोबर २०१७मध्ये ज्या पुलाची पायाभरणी झाली आहे, तो बांधून झाल्यावर तुझ्या टर्मिनलमध्ये कोण येणार? तो २.३२ किलोमीटरचा सुदर्शन सेतू २५ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला. फेरीचा विषय घेणाऱ्याने जागा ठरवण्याआधी पुलाची चौकशी करावी, हे मी तेव्हा शिकले आणि रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटाकडे वळले.

घारापुरीच्या लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गेट वे ऑफ इंडियाहून लाँच साधारण तासाभरात बेटावर पोहोचते. बेटाला दोन टेकड्या आहेत आणि दूरवरून पाहिले तर त्यांच्या मधला खोलगट भाग प्रथम नजरेत भरतो. ‘परिसराशी एकरूप होणारी इमारत’ असे शीर्षक दिले की बहुतेक विद्यार्थी लगेच छपराकडे धावतात. मीही लाटेसारखे वळणारे, वर गवत लावलेले छप्पर काढले होते आणि योकोहामाच्या २००२ साली पूर्ण झालेल्या, छपरावरून चालता येणाऱ्या टर्मिनलची चित्रे शेजारी चिकटवली होती. पण योकोहामाच्या मागे शहर उभे आहे, घारापुरीच्या मागे डोंगर आणि झाडी आहे. त्यापेक्षा जपानच्याच नाओशिमा बेटावरचे, सेजिमा आणि निशिझावा या वास्तुकारांचे २००६चे टर्मिनल मला अधिक शिकवून गेले. तिथे बारीक खांबांवर एक अतिशय पातळ, सपाट छप्पर आहे आणि त्याखालून बेट आरपार दिसत राहते.

तरीही माझी इमारत डोंगरापुढे उपऱ्यासारखी दिसत होती, आणि त्याचे कारण छपरात नव्हते. जमिनीच्या पातळ्या मी सर्वेक्षणाच्या नकाशावरून घेतल्या होत्या, त्या सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेल्या असतात. भरतीच्या उंच्या घेतल्या होत्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांतून, आणि त्या सागरी नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, मोजतात. मुंबई बंदरात या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. (भारतीय सर्वेक्षण विभाग आणि सागरी नकाशे काढणारी कचेरी या दोन्ही डेहराडूनला, समुद्रापासून इतक्या दूर, याची मला अजूनही गंमत वाटते.) तक्त्यातली उधाणाची साधारण ४.४ मीटर उंची मी सरळ जमिनीच्या पातळ्यांवर चढवली. प्रत्यक्षात ती समुद्रसपाटीपासून जेमतेम १.९ मीटर होती. त्या भीतीने मी सगळी इमारत अडीच मीटर जास्त उंच खांबांवर उभी केली होती. मॉडेल पाहून सर म्हणाले, ‘‘अगं, तुझा धक्का हवेत का उभा आहे?’’ चूक सापडल्यावर मॉडेलचे खांब करवतीने कापले, इमारत खाली आली आणि झाडांच्या शेंड्यांखाली गेली. बेटाशी एकरूप होण्याचे निम्मे काम त्या एका दुरुस्तीने झाले.

आकडे समजले तरी भरती अंगात भिनली नव्हती. सरांनी मला जंबुसर तालुक्यातल्या कावी कंबोईला पाठवले, जिथे स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर रोज भरतीच्या पाण्याखाली जाते. तिथे मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिले, दर अर्ध्या तासाने पाण्याची रेघ वहीत टिपली, आणि किनारा ही रेघ नसून एक रुंद पट्टा आहे हे तिथे प्रथम कळले. पुढे घारापुरीच्या लाँचवरच्या एका खलाशाने आणखी सोपा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. घरच्या दिनदर्शिकेवर मी वर्षभराचे रविवार अशा रीतीने तपासले आणि गर्दीच्या कोणत्या रविवारी परतीच्या वेळी ओहोटी असेल, ते पेन्सिलीने लिहून काढले.

हा तपशील कोरडा वाटेल, पण सगळा आराखडा त्यावरच उभा राहतो. उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरच्या आसपास खालीवर होते. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा धरले, तर पाण्याबरोबर खालीवर होणाऱ्या तरत्या धक्क्यापर्यंत जाणारा पूल ४८ मीटर लांब लागतो. एवढी लांब वस्तू छपराखाली लपवता येत नाही. मी ती दोन भागांत मोडून, सध्याच्या धक्क्याला समांतर ठेवली, म्हणजे समुद्रातून पाहताना ती एकाच आडव्या रेघेत विरून जाते. नवीन विद्यार्थ्यांनी आधी हा पूल काढावा आणि प्रतीक्षागृह त्यानंतर.

कायद्याचे थोडक्यात सांगते. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१८मध्ये, माझे काम अर्धे झाल्यावर आला, आणि माझे तिकीटघर त्या पट्ट्यातून उठवावे लागले. काँक्रीटच्या बाबतीत भारतीय मानक ४५६ भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील भागांसाठी किमान एम ४० प्रतीचे काँक्रीट आणि सळ्यांवर ७५ मिलिमीटरचे आवरण मागते, त्यामुळे पाण्यातले खांब नाजूक काढण्याचा मोह सोडावा. बेटाचा काळा बेसाल्ट मी फक्त जमिनीला टेकणाऱ्या भिंतींना वापरला. दगडाने मढवलेले खांब मला खोटे वाटतात.

लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून एक भेट मुद्दाम सोमवारी ठेवावी. पर्यटक नसलेल्या दिवशी धक्का शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांचा असतो. तेव्हा दिसते, की गॅसचे सिलिंडर, भाजीच्या टोपल्या आणि शाळेची मुले तिथूनच चढतात-उतरतात आणि त्यांना तिकीटघराच्या फिरत्या दांड्यांतून जाण्याचे काहीच कारण नाही. त्यांच्यासाठी मी बाजूने सरळ, पायऱ्या नसलेली वाट ठेवली. बेटावर वीज फेब्रुवारी २०१८मध्ये पोहोचली होती, आणि माझ्या रात्रीच्या चित्रात छपराच्या कडेने दिव्यांची माळ होती. शेतबंदरच्या एका तांडेलकाकांनी ते चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, की एवढा उजेड डोळ्यांवर आला तर अंधारात होडी लावताना पुढचे पाणी दिसणार नाही. मी ती माळ काढून टाकली आणि पुलाच्या टोकाला, खाली तोंड केलेला एकच दिवा ठेवला. त्याची जागा काकांनी बोट ठेवून दाखवली होती.