मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडताच डेटा संपतो? ही सेटिंग बदला

फोनच्या हॉटस्पॉटवर विंडोज ११ चा लॅपटॉप जोडला की तो त्याला घरचंच वायफाय समजतो. मागच्या मागे अपडेट उतरू लागतात, वनड्राइव्ह फोटो चढवत बसतो आणि दिवसाचा दीड जीबी दुपारच्या आतच संपतो. हे कनेक्शन मोजून वापरायचं आहे, एवढं विंडोजला एकदा सांगून ठेवायचं.

१. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडा.
२. विंडोजची कळ आणि आय एकत्र दाबा. सेटिंग्ज उघडतील.
३. 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वायफाय', मग जोडलेल्या नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जा.
४. 'मीटर्ड कनेक्शन'चं बटण चालू करा.

बस. ही खूण फक्त त्या एका नेटवर्कपुरती राहते, त्यामुळे घरच्या वायफायवर काहीच बदलत नाही. फोन बदलला किंवा हॉटस्पॉटचं नाव बदललं, तर मात्र पुन्हा करावं लागतं. विंडोज १० मध्येही हीच सोय आहे, तिथे बटणाचं नाव 'सेट अ‍ॅज मीटर्ड कनेक्शन'.

आणखी एक जागा बघाच: 'विंडोज अपडेट'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये मीटर्ड कनेक्शनवरही अपडेट उतरवण्याचं बटण असतं. ते बंद हवं.

ब्राउझरमधले व्हिडिओ यानं थांबत नाहीत, त्यांची क्वालिटी आपणच कमी ठेवायची. आणि जे कायम हॉटस्पॉटवरच काम करतात, त्यांनी अधूनमधून एखाद्या भरवशाच्या वायफायवर लॅपटॉप जोडून अपडेट हातानं उतरवून घ्यावेत. सुरक्षेचे अपडेट महिनोन्‌महिने अडकवून ठेवणं धोक्याचं आहे.