'आत्ता सांगता येणार नाही': युद्धाच्या बातम्या करायला बसणाऱ्यांसाठी

८ मे २०२५ च्या रात्री, भारत-पाकिस्तान लढाई चालू असताना, मी पेपरच्या डेस्कवर होतो. आमच्याकडे डाक आवृत्ती आधी सुटते. तालुक्यांचे गठ्ठे तिचेच जातात. शहर आवृत्तीला मग दीड-दोन तास जास्त मिळतात. समोर चार टीव्ही चालू होते आणि चारही टीव्हींवर कराची बंदर पेटलं होतं. नौदलाने हल्ला केला म्हणे. नौदलाचं निवेदन नव्हतं, मंत्रालयाचं नव्हतं, पीआयबीचं, म्हणजे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं, नव्हतं, वृत्तसंस्थांवरही काही नव्हतं. शेजारी बसलेल्या नव्या उपसंपादक मुलीने विचारलंसुद्धा, "सर, हे नक्की कोण म्हणतंय?" मी म्हणालो, "चारही जण म्हणतायत की."

आठ कॉलमी मथळा लावला. खाली बारीक टायपात 'वृत्तवाहिन्यांनी दिलेल्या माहितीनुसार'. डाक गेली. शहर आवृत्तीचं पान लावताना तीच मुलगी मोबाइल पुढे करत आली. कराचीची म्हणून फिरत असलेली एक आग फिलाडेल्फियातली निघाली होती, जानेवारीत तिथे विमान पडलं होतं तेव्हाची. बातमी उतरवली. पण तालुक्यांत सकाळी लोकांनी चहासोबत जळकी कराची वाचलीच. आमची दुरुस्ती तिसऱ्या दिवशी सातव्या पानावर आली, चार ओळींची.

संरक्षणाच्या या बीटवर येणारी मुलं मला पहिला प्रश्न सेन्सॉरचा विचारतात. लष्कराचा माणूस येऊन कॉपी वाचतो का, मंत्रालयातून फोन येतो का, वगैरे. त्या रात्री आम्हाला कोणाचाही फोन आला नव्हता. जे केलं ते आमचं आम्ही केलं.

कायदे आहेत. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून जिवंत आहे, तो एकदा मुळातून वाचा, छोटा आहे. केबल टीव्ही नियमांत ६(१)(पी) हे कलम आहे: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, सरकारने नेमलेला अधिकारी अधूनमधून जे सांगेल तेवढंच दाखवायचं. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने सगळ्या माध्यमांना सूचना काढली, तिच्यात याच कलमाची आठवण करून दिली होती आणि कारगिल, कंदहार, २६/११ असे तीन दाखले दिले होते.

यातला तिसरा आपल्या अंगणातला. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना आपण सगळ्यांनी घरबसल्या पाहिले. पलीकडे कराचीत बसून फोनवर सूचना देणारेही टीव्ही पाहत होते. कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर लिहिलंय, आणि अशा प्रक्षेपणातून ना राष्ट्रहित साधलं ना सामाजिक काम, असं वाहिन्यांना सुनावलंय. निकालातला तो भाग नव्या माणसाने वाचायलाच हवा. त्यामुळे ठिकाण, वेळ, संख्या आणि पुढची हालचाल या चार गोष्टी कारवाई संपेपर्यंत मी स्वतःहून टाळतो. यात देशभक्ती दाखवण्याचा प्रश्न नाही, तिथे माणसं उभी असतात. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश तुकडी गूस ग्रीनवर चालून जाण्याआधीच बीबीसीवर तिचा ठावठिकाणा सांगितला गेला, आणि ती माहिती लंडनमधूनच बाहेर आली होती. बोट दाखवलं जातं ते वार्ताहराकडे, नळ पुष्कळदा वरच गळत असतो.

आता भाषेबद्दल, कारण आपल्या पानांवर सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि फौजी वाचक पहिल्या परिच्छेदातच पेपर खाली ठेवतो. मराठीत आपण सगळ्याला 'तुकडी' म्हणतो. तीस-पस्तीस जणांची प्लाटून तुकडी आणि आठशेच्या आसपासची बटालियनही तुकडीच. फौजी माणूस 'आमची पलटण' म्हणतो तेव्हा त्याला बटालियन म्हणायचं असतं. सीमेवर काहीही फुटलं की आपण 'उखळी तोफांचा मारा' लिहून मोकळे होतो. उखळी तोफ म्हणजे मॉर्टर. कारगिलमध्ये गाजली ती बोफोर्स उखळी नव्हे. नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, लष्करातला कॅप्टन त्याच्यापुढे अगदीच पोरगेलासा. नियंत्रण रेषा पाकिस्तानकडची, प्रत्यक्ष नियंत्रण रेषा चीनकडची, आणि पंजाब-राजस्थानात असते ती आंतरराष्ट्रीय सीमा. मथळ्यात बसत नाही म्हणून यांची अदलाबदल करायची नसते. मी स्वतः केलीय, आणि एका निवृत्त सुभेदारांचं पोस्टकार्ड खाल्लंय.

शब्दांच्या निवडीतही सरकार असतं. १० मे २०२५ ला संध्याकाळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी शस्त्रसंधी जाहीर करून टाकली. त्यानंतर आपले परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री कॅमेऱ्यासमोर आले आणि मोजून बोलले: पाकिस्तानच्या डीजीएमओंनी (लष्करी कारवायांचे महासंचालक) दुपारी ३.३५ ला आपल्या डीजीएमओंना फोन केला, संध्याकाळी पाचपासून जमीन, हवा आणि समुद्रात गोळीबार व लष्करी कारवाई थांबवण्याचं दोघांत ठरलं. 'शस्त्रसंधी' हा शब्द त्या निवेदनात नाही. तो गाळण्यामागे भूमिका होती: हे दोन देशांच्या लष्करांनी आपसांत ठरवलं, मधे कोणी नव्हतं. आम्ही मथळ्यात 'शस्त्रसंधी' लिहिलं आणि बातमीत निवेदनातलं वाक्य जसंच्या तसं दिलं. वॉशिंग्टन काय म्हणालं, दिल्ली काय म्हणाली, दोन्ही वेळांसकट. त्या दिवशीचं काम एवढंच होतं, आणि ते बरं झालं असं मला अजून वाटतं.

ब्रीफिंग कसं ऐकायचं? वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे काय सांगितलं ते. उजवीकडे काय विचारलं गेलं आणि उत्तर आलं नाही ते. बहुतेक जण उजवी बाजू कोरी ठेवतात. ११ मेच्या ब्रीफिंगमध्ये एअर मार्शल ए. के. भारती यांना आपली विमानं पडली का, असं विचारलं. ते म्हणाले, लढाई म्हटली की नुकसान आलंच, आपण अजून त्या परिस्थितीत आहोत, तपशील दिला तर शत्रूचा फायदा होईल, आपले सगळे वैमानिक परतलेत. यात 'हो' नाही. पण 'नाही'ही नाही, आणि माझ्या उजव्या बाजूला ते ठळक लिहिलेलं आहे. काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी 'विमानं पडल्याचा दावा फेटाळला' असं छापून आलं. त्यांनी काहीही फेटाळलं नव्हतं. ३१ मेला सिंगापूरमध्ये सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी एका परदेशी वाहिनीला सांगितलं की सुरुवातीला नुकसान झालं. आकडा दिला नाही, पाकिस्तानचा सहा विमानं पाडल्याचा दावा मात्र साफ खोटा म्हणाले. ज्याने ११ तारखेला नीट ऐकलं होतं त्याला तीन आठवड्यांनी आपली बातमी बदलावी लागली नाही.

'आत्ता सांगता येणार नाही' हे माझ्या मते प्रामाणिक उत्तर आहे. त्याचा आदर करा आणि ते तसंच छापा. राग यायला हवा तो धादांत खोटं सांगितलं जातं तेव्हा. माझ्या अनुभवात लष्कराचा पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, सहसा तोंडावर खोटं बोलत नाही. तो फोन उचलत नाही.

गुप्त कशाला म्हणायचं हेही सोयीने ठरतं, तेवढं लक्षात असू द्या. कारगिल चालू असताना, ११ जून १९९९ ला, सरकारने पाकिस्तानचे तेव्हाचे लष्करप्रमुख मुशर्रफ आणि त्यांचे सहकारी अझीझ यांचं टेलिफोनवरचं संभाषण स्वतः जाहीर केलं. मुशर्रफ तेव्हा बीजिंगमध्ये होते. फोन ऐकण्याची क्षमता याहून मोठं गुपित कोणतं असेल? पण पाकिस्तानचं लष्कर यात आहे हे जगाला दाखवणं जास्त गरजेचं होतं. फायदा झालाही. मला म्हणायचंय ते इतकंच की कागद तुमच्या हातात आपण होऊन येतो तेव्हा तो आजच का आला, हेही वहीत लिहा.

संरक्षण मंत्रालय पत्रकारांसाठी अभ्यासक्रम घेतं, साधारण महिनाभराचा, तिन्ही दलांच्या ठाण्यांवर नेतात. मी केलाय. संधी मिळाली तर सोडू नका, हुद्दे आणि शस्त्रं तिथे जितकी कळतात तितकी पुस्तकांतून कळत नाहीत. पण मेसमध्ये सोबत जेवलेल्या कर्नलसाहेबांबद्दल पुढे वाकडं लिहायला हात जड होतो, हेही तिथेच कळतं.

हात जड होणं म्हणजे काय, हे अँथनी मस्करेन्हास यांच्या गोष्टीवरून बघा. जन्म बेळगावचा, घराणं गोव्याचं, नोकरी कराचीतल्या वर्तमानपत्रात. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, दहा दिवसांच्या दौऱ्यावर नेलं. सगळं आलबेल असल्याचं लिहावं म्हणून. सात जणांनी तसं लिहिलं. मस्करेन्हास यांच्यासमोर अधिकारी मारलेल्यांचे हिशेब मोकळेपणाने बोलत होते, कारण तो 'आपला' माणूस होता. ते बहिणीच्या आजारपणाचं निमित्त सांगून लंडनला गेले, संडे टाइम्सच्या संपादकाला भेटले, आणि परत कराचीला आले, कारण बायकामुलं तिथे होती. कुटुंब बाहेर पडल्यावर स्वतः अफगाणिस्तानच्या वाटेने निसटले. १३ जून १९७१ ला लंडनच्या संडे टाइम्समध्ये त्यांचा वृत्तांत आला आणि जगाचा सूर बदलला. मी लष्कराच्या अशा दौऱ्यावर गेलो की ते सात जण मला जास्त आठवतात. त्यांनाही घरी बायकामुलं होती.

शेवटी एक काम असं, जे कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. काही वर्षांपूर्वी सीमेवरच्या गोळीबारात सातारा जिल्ह्यातला जवान गेला. नाव रात्री नऊलाच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं, फोटोसकट. लष्कराकडून नाव आलं नव्हतं, ते घरच्यांना कळवल्याशिवाय देत नाहीत. दुसऱ्या पेपरने नाव घेतल्याचं कळलं आणि मालकांपर्यंत फोनाफोनी झाली. मी आमच्या तालुका वार्ताहराला विचारलं. तो त्या घराच्या पुढच्या चौकात उभा होता, हळू आवाजात बोलत होता. म्हणाला, "वडिलांना सांगितलंय. आईला अजून नाही. सकाळी मामा आल्यावर सांगणार आहेत."

डाक आवृत्तीत 'सातारा जिल्ह्यातील जवानाला वीरमरण' एवढंच लावलं, नाव नाही, गाव नाही. त्या गावात पेपर सहाच्या एसटीने पोचतो. मामा साडेसातला येणार होते.