सर्जन म्हणून बाहेर जायचंय? व्हिसा नंतर बघा, आधी हातात ब्लेड कोण देतंय ते बघा

एमएस (सर्जरीची पदव्युत्तर पदवी) किंवा एमसीएच (त्यावरची सुपरस्पेशालिटी) झालंय, सकाळी मुलुंडला केस, दुपारी ठाण्यात राउंड, संध्याकाळी स्वतःची ओपीडी, आणि डोक्यात बाहेर जायचं घोळतंय, अशी मंडळी पहिलं काम काय करतात तर गुगलवर सर्जन जॉब्स विथ व्हिसा स्पॉन्सरशिप टाकून बसतात. तिथेच गाडी चुकते. कारण डॉक्टरांना व्हिसा मिळणं हे सगळ्या प्रकरणातलं त्यातल्या त्यात सोपं काम आहे, हॉस्पिटलला तुम्ही हवे असाल तर त्यांचा एचआर ते कागद करून देतोच. अडतं ते त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलकडे. तुमची डिग्री कुठल्या पदासाठी धरली जाते आणि त्या पदावर तुम्ही स्वतः ऑपरेट करणार की दुसऱ्याच्या केसला रिट्रॅक्टर धरून नुसते मदतनीस राहणार, हे आधी बघायचं, देश त्यावरून ठरवायचा.

आखातापासून सुरू करू कारण मुंबईतून सगळ्यात जास्त चौकशी तिथलीच असते. तिथे लायसन देणारी संस्था प्रत्येक ठिकाणी वेगळी: दुबईला डीएचए, अबुधाबीला डीओएच, बाकी अमिरातींना एमओएचएपी, सौदीला एससीएफएचएस, ओमान कतार बहारीनचे आपापले. डिग्री आणि अनुभव बघून ते ठरवतात की तुम्ही स्पेशालिस्ट की कन्सल्टंट, आणि पगार, स्वतंत्र काम, सगळं त्या एका शब्दावर. आपली एमएस, किंवा तिच्या तोडीची डीएनबी, धरली जाते, वर किती वर्षांचा अनुभव लागतो ते नियमावलीत लिहिलेलं असतं, ते स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. मग डेटाफ्लो, म्हणजे तुमचा प्रत्येक कागद जिथून निघाला तिथे विचारून केलेली पडताळणी, आणि कॉम्प्युटरवरची परीक्षा, जी बऱ्याच ठिकाणी प्रोमेट्रिक नावाची कंपनी घेते. परीक्षेचं टेन्शन सगळे घेतात पण माणसं अडकतात डेटाफ्लोत.

का अडकतात ते नीट सांगतो. मुंबईतल्या प्रायव्हेट हॉस्पिटलात बहुतेक सर्जन पगारावर नसतातच, प्रोफेशनल फी वर असतात, मग एचआर म्हणतो तुम्ही आमचे एम्प्लॉयी नाही, लेटर कसलं देऊ. किंवा लेटर देतात पण त्यात फुल टाइम की पार्ट टाइम ते नाही, तारखा नाहीत, डेझिग्नेशन एकीकडे असोसिएट कन्सल्टंट आणि दुसरीकडे नुसतंच सर्जन. पडताळणीचा मेल येतो तो कुठल्यातरी अशा आयडीवर जो कोणी उघडतच नाही. म्हणून अर्ज भरायच्या आधी मेडिकल सुपरिंटेंडेंटला आणि एचआरला प्रत्यक्ष भेटा, लेटरहेडवर तारखांसकट अनुभवपत्र घ्या, उत्तर कोण देणार त्या माणसाचा ऑफिशियल मेल आयडी त्यांच्याकडूनच लिहून घ्या. केईएम, सायन, नायर अशा ठिकाणी रेसिडेन्सी किंवा लेक्चररशिप केली असेल तर ते सर्टिफिकेट जुनं असलं तरी फार कामाचं, कारण तिथे रेकॉर्ड सापडतं.

आणि नाव! मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळा क्रम, लग्नानंतर बदललं असेल तर कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर तिसरंच. आपल्याला यात काहीच वाटत नाही, बाहेरच्या कॉम्प्युटरला ही तीन वेगळी माणसं वाटतात. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव चालवा, जिथे जुळत नाही तिथे अॅफिडेव्हिट, आणि नाव खरोखरच बदललं असेल तर गॅझेट. हे आधी उरका.

यूके. इथे एमबीबीएसवाल्यांसारखं प्लॅब या बाहेरच्या डॉक्टरांसाठीच्या परीक्षेच्या मागे लागू नका, सर्जनसाठी एमआरसीएस ही तिथल्या सर्जन्स कॉलेजची परीक्षा जास्त शहाणपणाची, ती पूर्ण केली की जीएमसी, म्हणजे तिथल्या मेडिकल कौन्सिलच्या, रजिस्ट्रेशनसाठी प्लॅब लागत नाही आणि सीव्हीवर वजनही येतं. सोबत इंग्रजी, आयईएलटीएस अॅकॅडमिकला एकूण 7.5 आणि कुठल्याही भागात 7 च्या खाली नाही, किंवा ओईटी या आरोग्यसेवेतल्या लोकांच्या इंग्रजी परीक्षेला चारही भागांत बी. ओईटी डॉक्टरांना सोपी वाटते कारण त्यात रेफरल लेटर लिहायचं असतं, निबंध नाही. रिझल्ट साधारण दोनच वर्षं चालतो म्हणून फार आधी देऊन ठेवू नका. आता पदाचं. पर्मनंट कन्सल्टंट व्हायला जीएमसीच्या स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव लागतं, आणि आपल्या ट्रेनिंगवर ते आपोआप चढत नाही, पोर्टफोलिओ पाथवेने पुराव्यांचा ढीग द्यावा लागतो, पूर्वी यालाच सीईएसआर म्हणायचे. त्यामुळे पंधरा वर्षं स्वतः व्हिपलसारखं स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन करणारा माणूससुद्धा तिथे क्लिनिकल फेलो किंवा स्पेशालिटी डॉक्टर अशा कन्सल्टंटच्या खालच्या पदावर सुरू करतो, हे मनाला पटत असेल तरच जा. दोन वर्षं शिकून परत यायचं असेल तर एमटीआय नावाची स्कीम आहे, ती तरुण सर्जनना बरी पडते.

यूकेच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एनएचएसच्या, जाहिराती एनएचएस जॉब्स आणि ट्रॅक या साइटवर उघड असतात, कुणी ओळखीचा लागत नाही. पण एकेका जागेला अर्जांचा पाऊस पडतो, त्यामुळे एकच सीव्ही शंभर ठिकाणी टाकण्यात अर्थ नाही, जाहिरातीसोबत पर्सन स्पेसिफिकेशन, म्हणजे उमेदवारात काय हवं त्याची यादी, असते त्यातल्या प्रत्येक ओळीला आपल्या अर्जात उत्तर द्या. तुमचं ऑपरेशन लॉगबुक, म्हणजे केलेल्या ऑपरेशनची नोंदवही, आकड्यात द्या, किती स्वतः केल्या, किती सुपरव्हिजनखाली, किती असिस्ट, कॉम्प्लिकेशन किती. आपल्याकडे रेसिडेन्सीनंतर लॉगबुक कोण ठेवतं, पण आजपासून ठेवा, पेशंटचं नाव न घालता. नोकरी मिळाली की हॉस्पिटल सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देतं आणि हेल्थ अँड केअर व्हिसा निघतो, त्यात हेल्थ सरचार्ज माफ असतो. कुठल्या संस्थेला स्पॉन्सर करायचं लायसन आहे त्याची यादी ब्रिटिश सरकार स्वतः नेटवर टाकतं, तिथे नाव बघा. हे सर्टिफिकेट कोणी विकत देतो म्हणाला तर फोन ठेवा.

आयर्लंडची नोकरी शोधायची पद्धत साधारण अशीच आहे, तिथे क्रिटिकल स्किल्स एम्प्लॉयमेंट परमिट असतं.

जर्मनीबद्दल स्पष्ट बोलतो, भाषा शिकायची मनापासून तयारी असेल तरच. काळा घोड्याच्या मॅक्समुलर भवनात जर्मनच्या बी टू पातळीपर्यंत जा, त्यानंतर डॉक्टरांची वेगळी भाषापरीक्षा सी वनच्या पातळीची, ज्यात पेशंटची हिस्टरी घेऊन सिनियरला सांगायची असते, मग अप्रोबात्सियोन म्हणजे पूर्ण लायसन, त्यासाठी बहुतेकांना ज्ञानपरीक्षाही द्यावी लागते. हे सगळं राज्याराज्यांत वेगळं चालतं. वय पस्तिशीच्या आत असेल, संसाराचा पसारा कमी असेल, तर हिशोब बसतो.

ऑस्ट्रेलियात सर्जन्सचं कॉलेज, आरएसीएस, तुमचं ट्रेनिंग त्यांच्याशी तोलून बघतं आणि तीनपैकी एक शेरा देतं, बऱ्यापैकी जुळतं, अर्धवट जुळतं, जुळत नाही. अर्धवट आलं तर सुपरव्हिजनखाली काम आणि फेलोशिपची परीक्षा. शिवाय मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्यविम्याच्या नियमामुळे बाहेरच्या डॉक्टरला साधारण दहा वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातच खाजगी प्रॅक्टिस करता येते, म्हणजे सिडनीचा समुद्र फोटोतच. अमेरिकेत काही राज्यांनी नियम सैल केलेत खरे, पण सर्जनला अजूनही मुख्य रस्ता यूएसएमएलई ही लायसनची परीक्षा आणि परत रेसिडेन्सी हाच, चाळिशीत पुन्हा रात्रीच्या ड्युट्या कोणाला झेपतात ते ज्याचं त्याने ठरवावं.

एजंटचं काय? चांगल्या रिक्रूटर कंपन्या हॉस्पिटलकडून पैसे घेतात, तुमच्याकडून नाही. भारतातून परदेशी भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन लागतं, ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या फीला 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढीच मर्यादा आहे. अंधेरीतल्या चकाचक ऑफिसात बसून कोणी तीन लाखाचं पॅकेज सांगत असेल तर हा आकडा त्याला ऐकवा आणि चेहरा बघा.

ऑफर लेटर आलं की पगाराच्या आधी हे वाचा: डेझिग्नेशन, आठवड्याला ओटीचे किती स्लॉट, ऑन कॉल किती, मालप्रॅक्टिस इन्शुरन्स कोण भरणार, प्रोबेशन किती, नोटीस किती, फॅमिली व्हिसा आणि मुलांची शाळा. आखातात शाळेच्या फीने अर्धा पगार उडतो असं सगळेच म्हणतात, आधीच विचारून घेतलेलं बरं. इंटरव्ह्यूत ओटीचे स्लॉट विचारायला लाजू नका, सहा महिने केस नाही मिळाल्या तर हाताची सवय जाते, आणि परत आल्यावर इथे रेफर करणारे जीपी तोवर दुसऱ्या सर्जनकडे वळलेले असतात.

इथलं काही तोडायची घाई नको. लायसन आणि व्हिसा दोन्ही हातात येईपर्यंत इथल्या हॉस्पिटलांच्या अटॅचमेंट सोडू नका, शिक्षणानंतरच्या सरकारी सेवेचा बॉण्ड बाकी असेल तर त्याचा निकाल आधी लावा कारण सुपरस्पेशालिटीचा दंड कोटीत जातो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रिन्युअल दर पाच वर्षांनी, त्याला सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाचे, 30 पॉइंट लागतात, ते चालू ठेवा. गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्यावर कारवाई नाही असं कौन्सिलचं पत्र, मात्र अगदी शेवटी काढा, जीएमसीला ते तीन महिन्यांच्या आतलं लागतं.