अमेरिकेत उतारवयात राहायचं कुठे? नव्याने येणाऱ्या आईबाबांसाठी

मुलाच्या किंवा मुलीच्या अर्जावर ग्रीन कार्ड घेऊन साठीनंतर इथे येणारी बरीच मंडळी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत भेटतात. ओळख झाली, चहा झाला, की विचारतात, "आम्ही कुठे राहावं म्हणता?" तोवर मुलांची यादी तयार झालेली असते. फ्लोरिडात थंडी नाही, टेक्सासला राज्याचा आयकर नाही, ॲरिझोनात घरं ऐसपैस. मी इथे अर्ध्याहून जास्त आयुष्य काढलंय आणि माझं मत पक्कं आहे: हवापाणी आणि कर नंतर बघा. आधी हे बघा, की गाडी न चालवता त्या गावात तुमचा दिवस कसा जाईल.

इथल्या बहुतेक उपनगरांत दूध, औषधं, देऊळ, दवाखाना, सगळं गाडीच्या अंतरावर असतं. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि चार बेडरूमच्या घरात दोघं जण संध्याकाळची वाट बघत बसलेले, हे मी फार घरांत पाहिलंय. मुलं वाईट नसतात. पण बारीकसारीक कामासाठी राइड मागायची म्हटलं की मानी माणसाला जड जातं. हळूहळू तो मागायचंच सोडतो. आधी लायब्ररी सुटते, मग देऊळ सुटतं, मग डॉक्टरकडे जाणंही पुढे ढकललं जातं. आल्यावर गाडी शिका, जरूर शिका. तरी पंचाहत्तरीनंतर डोळे आणि गुडघे किती साथ देतील हे धरून गाव निवडा.

त्यासाठी घर बघायला जाल तेव्हा गाडी लांब लावा आणि दाराशी पायी जा. फूटपाथ मध्येच संपतो का? बसथांब्यावर बसायला बाक आहे का? मोठ्या रस्त्याच्या सिग्नलला उभे राहा आणि बटण दाबून खरोखर रस्ता ओलांडा. इथल्या नियमात उलटमोजणीचे सेकंद साधारणपणे सेकंदाला साडेतीन फूट या चालीने धरलेले असतात. बारा-बारा फुटांच्या सहा लेन म्हणजे ७२ फूट, म्हणजे जेमतेम २० सेकंद. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते पुरत नाहीत. तुम्ही मधल्या दुभाजकावर अडकलात, तर त्या रस्त्यापलीकडचं दुकान नकाशावर कितीही जवळ दिसो, तुमच्यासाठी ते नाहीच असं समजा.

बसचा मार्ग जवळ असण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे आणि तो फारच थोड्या मुलांना माहीत असतो. १९९० च्या अपंग हक्क कायद्यामुळे, जिथे ठरावीक मार्गाची सार्वजनिक बस आहे तिथे, ज्यांना ती बस वापरणं शारीरिकदृष्ट्या शक्य नाही त्यांच्यासाठी दारातून नेणारी गाडी द्यावी लागते. तिला पॅराट्रान्झिट म्हणतात. भाडं बसच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. पण बंधन आहे ते बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंतच. एक मैल आत सुंदर घर घेतलंत तर ही सोय हक्काने मागता येईलच असं नाही. म्हणून बसचा नकाशा उघडा आणि घराचा पत्ता त्यावर मोजून बघा.

गाडीवाचून निभावेल अशी गावं आहेत. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत नेवार्क ॲव्हेन्यूवरचा इंडिया स्क्वेअर हा भारतीय बाजार आणि जर्नल स्क्वेअरचं पाथ रेल्वेचं स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि तिथून आगगाडी थेट न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला जाते. शिकागोत भारतीय दुकानांचा डेव्हन ॲव्हेन्यू आहे, तिथे शहराची बस आहे. न्यू जर्सीतच एडिसन-इझलिनच्या ओक ट्री रोडवर आपलं सगळं मिळतं, पण तिथे घर त्या रस्त्याच्या अगदी लगत असेल तरच उपयोग. मुलं अर्ध्या तासावर आणि आपण अशा ठिकाणी छोट्या, लिफ्टच्या फ्लॅटमध्ये, ही व्यवस्था मला सर्वांत निकोप वाटते. लोक काय म्हणतील याची काळजी करू नका. वेगळं राहिलेले आईबाप आणि त्यांची मुलं शनिवारी भेटतात तेव्हा एकमेकांशी जास्त बोलतात, हे मी पाहिलंय.

यानंतर बघायचा तो विमा. ग्रीन कार्ड आणि वयाची ६५ वर्षं एवढ्यावर मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मिळत नाही. इथे सलग ५ वर्षं वास्तव्य लागतं आणि त्यानंतरही ते विकत घ्यावं लागतं. इथल्या नोकरीची ४० क्रेडिट, म्हणजे साधारण १० वर्षांचं काम, स्वतःचं किंवा जोडीदाराचं नसेल तर पार्ट ए ला, म्हणजे त्यातल्या हॉस्पिटलच्या भागाला, वेगळा आणि भरभक्कम हप्ता पडतो. ५ वर्षं भरत आली की आधीच सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसला गाठा, मेडिकेअरची नोंदणी तिथेच होते, कारण पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, उशिरा घेतला तर हप्त्यावरचा दंड जन्मभर चालू राहतो.

पहिली ५ वर्षं मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारने चालवलेल्या विमाबाजारातला खासगी कंपनीचा, विमा घ्यावा लागतो आणि इथे राज्याने फार फरक पडतो. बहुतेक राज्यांत ज्येष्ठांना तरुणाच्या तिपटीपर्यंत हप्ता लावता येतो. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये वय बघून हप्ता वाढवता येत नाही. ज्यांना आयकराची टक्केवारी तोंडपाठ असते त्यांनाही ही गोष्ट सांगावी लागते. शिवाय कोणता प्लॅन मिळेल हे काउंटीवर, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागावर, ठरतं. गाव पसंत पडलं की तिथल्या दोन-तीन डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करा आणि एवढंच विचारा: नवे पेशंट घेता का, हा प्लॅन चालतो का, पहिली अपॉइंटमेंट कधीची मिळेल? तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली तर गाव कितीही छान असो, थांबा. भाषेची चिंता मात्र नको. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला दुभाषा फुकट द्यावा लागतो, बहुधा फोनवर, आणि "मराठी" असं स्पष्ट सांगून तो मागायचा. दुखणं नातवाच्या तोंडून सांगायची वेळ आणू नका.

कराबद्दल थोडक्यात. तुमचं इथलं उत्पन्न बेताचंच असणार, तर राज्याचा आयकर नसल्याने तुमचा फारसा फायदा नाही. टेक्सासमध्ये घरपट्टी जबर आहे आणि ती भाड्यातूनही वसूल होतेच. टेनेसीत पगारावर कर नाही, पण किराण्यावर राज्याचा ४ टक्के विक्रीकर आहे.

हवामानाचं म्हणाल, तर बर्फाला सगळे घाबरतात, उन्हाला कोणी घाबरत नाही. २०२३ मध्ये फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता, म्हणजे ४३ सेल्सिअसच्याही पुढे. अशा दिवसांत संध्याकाळी फिरायला जाणंही बंद होतं. फ्लोरिडात वादळाचा हंगाम जूनपासून नोव्हेंबरपर्यंत असतो. नेहमीच्या घरविम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. सरकारी योजनेतला पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो लागू व्हायला साधारण ३० दिवस जातात. म्हणून जिथे जायचं तिथे आधी सहा महिने भाड्याने राहा आणि त्यात तिथला सर्वांत वाईट महिना येऊ द्या.

५५ वर्षांवरच्यांच्या वसाहतींविषयी बरेच जण विचारतात. फ्लोरिडात टावारेसला भारतीयांसाठीची शांतिनिकेतन वसाहत आहे. तशी सोबत मिळणं मोलाचं. पण करार वाचा. अशा वसाहतींत लहान मुलांना पाहुणे म्हणून किती दिवस राहता येईल यावर बहुधा मर्यादा असते, आणि सुट्टीत नातू महिनाभर येणार असेल तर ते आधी कळलेलं बरं. दरमहाचं सोसायटी शुल्क किती आणि ते दरवर्षी किती वाढलं, हेही विचारा.

गावातलं सीनियर सेंटर एकदा आतून बघून या. १९६५ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या सामूहिक जेवणाला वयाची ६० वर्षं पुरी झालेली कोणीही व्यक्ती जाऊ शकते. तुम्ही जेवा किंवा जेवू नका, पण दोघांपैकी एक मागे राहिला तर त्याला सकाळी उठून जायला जागा हवी, म्हणून तिथे कोण येतं, न्यायला गाडी येते का, हे आत्ताच विचारून ठेवा. हा विषय घरात कोणी काढत नाही. तुम्ही काढा.

शेवटी घर ठरलं आणि सामान हललं, की १० दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला नवा पत्ता कळवायचा असतो. एआर-११ हा फॉर्म ऑनलाइन भरता येतो, फी लागत नाही. दोघांचेही फॉर्म वेगळे भरा. पाठोपाठ विमा कंपनीलाही कळवा, कारण काउंटी बदलली असेल तर प्लॅनही बदलावा लागतो.