लहरी क्वांटम रोबो, घरच्या घरी

भावांनो, सांगलीत बसून क्वांटम रोबो करायला क्वांटम कॉम्प्युटर लागत नाय, लॅपटॉपवर पायथन आणि किस्किट (क्वांटम प्रोग्रॅम लिहायची पायथन लायब्ररी) टाका, फुकट आहे, त्याचा सिम्युलेटर पुरतो. रोबो म्हणजे छोटी गाडी, तिला दोन मोटर, दोन एलडीआर (उजेड ओळखणारे सेन्सर), मोटर ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट) आणि लॅपटॉपला यूएसबीनं जोडलेला आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड).

आता खरी गंमत. ब्रायटेनबर्ग या मेंदूशास्त्रज्ञानं 1984 ला मांडलं की उजेड जास्त तेवढी मोटर जोरात, असं ठेवून डावा सेन्सर डाव्याच मोटरला जोडला की गाडी उजेडापासून पळते, बघणारा म्हणतो घाबरली, आणि डावा उजव्या मोटरला जोडला की उजेडावर धावून जाते, म्हणजे चिडली. ही जोडणी कोडमधून बदलायची आणि कुठली घ्यायची ते एका क्युबिटवर (क्वांटम बिट, मोजला की 0 नायतर 1 येतो) सोडायचं. उजेडाचं रीडिंग 0 ते π (पाय, म्हणजे 180 अंश) या कोनात बसवा, आरवाय गेट (क्युबिटला तेवढ्या कोनात फिरवणारी क्रिया) लावा, मोजा, 0 आलं तर भीती, 1 आलं तर राग. 1 यायची शक्यता म्हणजे निम्म्या कोनाच्या साइनचा वर्ग, त्यामुळं मधल्या उजेडात फिफ्टी-फिफ्टी, तिथंच गाडी लहरी वाटते. दर लूपला मोजू नका, नुसती थरथरत बसते.

दुसरी गाडी असली तर सीनॉट गेट (पहिला क्युबिट 1 असेल तर दुसरा उलटवणारं) लावून दोघींचे क्युबिट गुंतवा, दोघींचा मूड एकच येतो. खरी भावना वगैरे काय नाय हं, आणि एका क्युबिटचं काम साधा रँडम नंबरपण करतो, व्हायवात हे विचारणारच! टेस्टिंग संध्याकाळी करा, दुपारच्या उन्हात दोन्ही एलडीआरचं रीडिंग फुल्ल जातं.