पॉवर अँटेनाचा दांडा घरीच बदलला

बाबांच्या जुन्या गाडीची पॉवर अँटेना, म्हणजे रेडिओ लावला की मोटरने वर येणारी आणि बंद केला की आत जाणारी, अर्ध्यावर अडकायची, मोटर मात्र घरघरत राहायची. गॅरेजमध्ये अख्खं युनिट बदलायला सांगितलं. पण मोटर फिरतेय, मग नुसत्या दांड्यावर भागेल असं मला वाटलं, आणि भागलं.

फेंडरवरचा, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावरचा, नट सोडून मुलीला रेडिओ चालू करायला लावला. वाकलेला दांडा मोटरनेच बाहेर ढकलला. त्याच्या नायलॉनच्या दोरीचे दाते कुठल्या बाजूला आहेत ते नीट बघून ठेवा. तुटका तुकडा आत राहिला नाही ना, हेही. नव्या दांड्याची दोरी तशीच आत सरकवली, रेडिओ बंद केला. पहिल्यांदा दाते गियरमध्ये बसले नाहीत. दुसऱ्या खेपेला सरसर ओढली गेली. नट आवळला.

संध्याकाळी गंगापूर रोडवर आकाशवाणी नाशिक, १०१.४, स्वच्छ लागलं. बाबांनी आवाज वाढवला.